एकच प्रसंग उसवून बघा: सिनेमातला आवाज आणि संकलन शिकण्याची एक पद्धत

संकलनावर काही वाचायला घेतलं की पहिल्या दहा मिनिटांतच संज्ञांचा ढीग समोर येतो. जंप कट, मॅच कट, जे-कट, एल-कट, क्रॉस-कटिंग, डायजेटिक, नॉन-डायजेटिक. त्या पाठ होतात, परीक्षेत लिहिताही येतात, पण पडद्यावर एखादा प्रसंग चालू असताना आपण नेमके कशामुळे दचकलो ते काही सांगता येत नाही. म्हणून इथे दुसऱ्या टोकाने सुरुवात करू. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्यायचा आणि तो पार उसवायचा. टाके कुठे घातलेत ते हाताला लागलं की संज्ञा मागून आपोआप येतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चित्राचा कट आणि आवाजाचा कट बहुतेक वेळा एका ठिकाणी नसतात. चित्र एका फ्रेममध्ये, म्हणजे सिनेमाच्या एकाच स्थिर चित्रात, बदलतं. आवाज मात्र आधीच येऊन थांबलेला असतो किंवा नंतरही रेंगाळतो. तासाभरात शेकडो कट होऊनही आपल्याला ते जाणवत नाहीत, याचं श्रेय बरंचसं आवाजाकडे जातं. त्यामुळे संकलन शिकायचं तर डोळ्यांइतकंच कानांनी शिकावं लागतं, आणि माझ्या मते कान आधी.

प्रसंग कुठला घ्यायचा

पाठलाग, मारामारी, गाणं, मोंताज (झटपट तुकडे जोडून केलेला प्रसंग) यांतलं काहीही पहिल्यांदा घेऊ नका. तिथे कटचा पाऊस असतो आणि नवख्या माणसाला फक्त वेग दिसतो. बंद खोलीत दोन माणसं बोलतायत, मध्येच कुणी येतं किंवा उठून जातं, असा साधा प्रसंग निवडा. सिनेमा आधी पाहिलेला असावा. गोष्टीची उत्सुकता जिवंत असेल तर नोंदवही बाजूला राहते आणि आपण नुसतेच बघत बसतो. त्याच सिनेमाची दुसऱ्या भाषेत डब केलेली आवृत्ती मिळत असेल तर फारच उत्तम. ती कशासाठी ते पुढे येईल.

साधनं फारशी लागत नाहीत. फ्रेम-फ्रेम पुढे सरकता येईल असा प्लेयर हवा. व्हीएलसीमध्ये ‘ई’ या अक्षराचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाच्या बटणाने पुढे आणि स्वल्पविरामाच्या बटणाने मागे जाता येतं. कान पूर्ण झाकणारे हेडफोन मात्र हवेतच. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरमधून खर्जातले आवाज जवळजवळ येतच नाहीत, आणि दृश्याचा ताण पुष्कळदा तिथेच लपवलेला असतो.

पहिली फेरी: आवाज बंद

आवाज पूर्ण बंद करून प्रसंग बघा आणि प्रत्येक कटला टेबलावर बोटाने टिचकी मारा. पहिल्या वेळी काही कट सुटतील. कुठले सुटले ते लिहून ठेवा, कारण चांगले टाके तेच. दुसऱ्यांदा थांबत थांबत प्रत्येक शॉटची सुरुवातीची वेळ टिपा. १५० सेकंदांच्या प्रसंगात ३० शॉट निघाले तर एका शॉटची सरासरी लांबी ५ सेकंद. चित्रपटांचे अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी अशी मोजमापं मोठ्या प्रमाणावर केली होती. त्यांच्या मते १९३० ते १९६० या काळातल्या बहुतेक हॉलिवूडपटांत ही सरासरी ८ ते ११ सेकंदांच्या आसपास होती. पुढे ती घसरत गेली.

सरासरीवर फार विसंबू नका. एक शॉट चाळीस सेकंदांचा आणि बाकीचे दोन-दोन सेकंदांचे असतील तर सरासरी काहीच सांगत नाही. सगळ्यांत लांब शॉट कुणाला मिळालाय आणि सगळ्यांत तोकडा कुणाला, ते बघा. बोलणाऱ्याला मिळालाय की ऐकणाऱ्याला? संवादाच्या प्रसंगात संकलकाचं मत इथेच उघड होतं. बोलणाऱ्याचं तोंड दाखवणं सोपं असतं. ज्या वाक्याला कॅमेरा ऐकणाऱ्यावर ठेवलाय, त्या वाक्याचं महत्त्व त्याच्या परिणामात आहे.

आता प्रत्येक कटपुढे एका शब्दात कारण लिहा: नजर, हालचाल, वाक्य संपलं, माहिती. कारण सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह. ‘नजर’ म्हणजे पात्राने कुठेतरी पाहिलं आणि पुढच्या शॉटमध्ये ती वस्तू आली. ‘हालचाल’ असेल तिथे फ्रेम-फ्रेम पुढे जा. माणूस खुर्चीतून उठतोय. उठण्याची सुरुवात लांबच्या शॉटमध्ये आहे आणि शेवट जवळच्या शॉटमध्ये. कट त्या उठण्याच्या ऐन मध्ये पडलेला दिसेल. डोळा हालचालीच्या मागे धावत असतो, त्यामुळे चौकट बदलल्याचं त्याला भान राहत नाही. हाच कट उठण्याच्या आधी किंवा माणूस उभा राहून स्थिर झाल्यावर केला तर तो लगेच डोळ्यात खुपतो.

याच फेरीत दिशांचीही नोंद करा. दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा असते आणि कॅमेरा शक्यतो तिच्या एकाच बाजूला राहतो, म्हणजे एक जण कायम डावीकडून उजवीकडे बघतो आणि दुसरा उजवीकडून डावीकडे. हा १८० अंशांचा नियम. दुसरा नियम ३० अंशांचा: एकाच माणसाच्या सलग दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याची जागा निदान एवढी तरी बदलावी, नाहीतर कटऐवजी झटका बसल्यासारखं वाटतं. दोन्ही नियम मोडलेले सापडतील. सापडले की आधी बघा, त्या क्षणी कथेत काय बिनसलंय?

दुसरी फेरी: चित्र बंद

इथे वेळ घालवा. बहुतेक जण ही पायरी घाईत उरकतात आणि मग आवाज म्हणजे पार्श्वसंगीत, असंच धरून चालतात.

पडद्याकडे पाठ करून बसा आणि प्रसंग नुसता ऐका. एका ऐकण्यात सगळं पकडायला जाऊ नका. पहिल्यांदा फक्त संवाद. दुसऱ्यांदा पावलं, कपड्यांची सळसळ, वस्तू उचलल्या-ठेवल्याचे आवाज. तिसऱ्यांदा सगळ्यांच्या मागे काय चाललंय ते: पंखा, रहदारी, पक्षी, यंत्राची घरघर, वारा. या मागच्या थराला अँबियन्स म्हणतात. आणि अगदी शेवटी संगीत. संगीत आधी ऐकलं तर ते बाकीच्या सगळ्यांना झाकून टाकतं.

दुसऱ्या थरातले आवाज बहुतांशी चित्रीकरणाच्या वेळचे नसतात, हे कळल्यावर अनेकांना धक्का बसतो. चित्रीकरणाच्या वेळी माइक माणसाच्या तोंडाकडे रोखलेला असतो. पावलं, कपडे, वस्तू यांचे आवाज नंतर स्टुडिओत पडद्यावरचं चित्र बघत, त्याच्या तालावर पुन्हा केले जातात. या कामाला फोली म्हणतात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली (१८९१–१९६७) यांचं हे नाव. बर्फावरून चालण्याचा आवाज कॉर्नस्टार्च दाबून काढणं आणि पंखांची फडफड चामडी हातमोज्यांनी करणं, या फोलीतल्या जुन्या युक्त्या. कानाला खरा आवाज पटतोच असं नाही. चित्राच्या तालात बसला की त्याला दुसऱ्याच वस्तूचा आवाजही पटतो.

आता डब केलेली आवृत्ती काढा आणि तोच प्रसंग दोन्ही भाषांत लागोपाठ ऐका. डबिंगसाठी संवाद वगळून फक्त संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक दिला जातो. त्याला एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) म्हणतात. त्यामुळे पावलं, दार, संगीत दोन्हीकडे बहुतेक तेच राहतं आणि माणसांचे आवाज तेवढे बदलतात. मूळ आवाजात खोली ऐकू येते, भिंतींवरून परतलेला थोडासा घुमारा असतो. डबिंगमधला आवाज अनेकदा कोरडा आणि कानाच्या फार जवळ असतो, माणूस पडद्यावर वीस फूट लांब असला तरी. हा फरक एकदा ऐकलात की पुढे कुठल्याही सिनेमात एखादं वाक्य नंतर भरलंय का, याचा अंदाज येऊ लागतो.

तुमच्याकडे ५.१ आवाजाची, म्हणजे सहा चॅनेलमध्ये विभागलेल्या आवाजाची, फाइल असेल तर ती ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. सहा वेगळे ट्रॅक दिसतील. एकेक ऐका. संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनेलवर असतात, त्यामुळे तो बंद केला की माणसं गप्प होतात आणि उरलेली खोली ऐकू येते. ध्वनिआरेखनाचा याहून स्वस्त वर्ग मला तरी माहीत नाही.

तिसरी फेरी: फ्रेमगणिक नोंद

आता चित्र आणि आवाज एकत्र. तीन रकाने आखा: वेळ, चित्र, आवाज. समजा प्रसंग असा आहे: एक बाई टेबलाशी बसून काहीतरी लिहितेय, जिन्यावर पावलं वाजतात, दार उघडून तिचा भाऊ आत येतो. सेकंदाला २४ फ्रेम धरून (मिनिट:सेकंद:फ्रेम) नोंद साधारण अशी उतरेल:

०:१४:०० – बाईचा मध्यम शॉट. पेन, पंखा, लांबची रहदारी.
०:२१:०६ – चित्र तेच. जिन्यावर पावलं सुरू. पेन चालूच.
०:२२:१८ – चित्र तेच. पेन थांबतं.
०:२३:०२ – बाई मान वर करते.
०:२३:१० – कट. बंद दार. रहदारी नाहीशी, फक्त पंखा आणि पावलं.
०:२४:०० – पावलं थांबतात.
०:२५:१२ – कडीचा आवाज.
०:२५:२० – कट. बाईचा जवळचा शॉट. दार करकरतं, पण दिसत नाही.
०:२७:०४ – भावाचं वाक्य सुरू. चित्रात अजून बाईच.
०:२८:०० – कट. भाऊ. वाक्याचा उरलेला भाग त्याच्या तोंडी.

ही नोंद सावकाश वाचा. पेन थांबल्यावर ८ फ्रेमनी मान वर होते आणि १६ फ्रेमनी चित्र बदलतं. म्हणजे प्रसंगाला खरं वळण मिळालं ते पेन थांबलं तिथे. चित्राने त्याच्यावर नुसता शिक्का मारला. पावलं तिने आधीच ऐकली होती, पण ती पेन थांबेपर्यंत लिहीत राहिली. येणारा माणूस नकोसा आहे हे एकही शब्द न बोलता कळतं. दाराच्या शॉटवर रहदारी गायब झाली. खऱ्या आयुष्यात रहदारी अशी कुणासाठी थांबत नाही, तरी इथे कुणाच्या लक्षात येत नाही. आपण आता तिच्या कानांनी ऐकतोय. शेवटी भावाचं वाक्य त्याचा शॉट येण्याच्या २० फ्रेम आधी सुरू झालं. याला जे-कट म्हणतात. उलट, भावाचा शॉट संपून बाईचा चेहरा आला आणि भावाचा आवाज मात्र तिच्या चेहऱ्यावर रेंगाळला, तर तो एल-कट. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडतात त्या टाइमलाइनवर चित्र वर आणि आवाज खाली असतो, त्यामुळे क्लिपचा आकार या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, एवढाच त्या नावांचा अर्थ.

संगीताचा रकाना भरताना ते कुठे सुरू झालं याहून कुठे थांबलं ते जपून टिपा. सुरुवात बहुधा लपवलेली असते: दाराच्या आवाजाखाली किंवा वाक्याच्या शेवटच्या शब्दात. थांबणं मात्र कानाला लागतं. आणि जिथे ‘शांतता’ लिहावंसं वाटेल तिथे आवाज वाढवून पुन्हा ऐका. सिनेमातली शांतता क्वचितच कोरी असते. खोलीचा स्वतःचा एक बारीक आवाज असतो, त्याला रूम टोन म्हणतात. तोही काढला तर आवाज बिघडला की काय, असं प्रेक्षकाला वाटतं.

फ्रेमचा हिशेब एकदा समजून घ्या, पुढे तो उपयोगी पडतो. २४ च्या वेगाने एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण १४ मीटर जातो. म्हणजे मोठ्या चित्रपटगृहात पडद्यापासून २८ मीटरवर बसलेल्याला प्रत्येक शब्द दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो, तरी त्याची तक्रार नसते. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीतही हाच कल दिसतो: आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर चूक जाणवू लागते, पण उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती ध्यानात येत नाही. निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. उशिराची कानाला सवय आहे. म्हणून स्वतः सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, जुळवताना अर्धवट शंका असेल तर आवाज किंचित उशिरा ठेवा, आधी कधीच नाही.

आता स्वतः एक मिनिट करून बघा

नुसत्या नोंदींनी हात तयार होत नाही. वरच्यासारखा एक मिनिटाचा प्रसंग फोनवर चित्रित करा. दोन माणसं, एक दार, चार-पाच वाक्यं. संपूर्ण प्रसंग प्रत्येक कोनातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्या: एकदा लांबून, एकदा या माणसावर, एकदा त्या माणसावर. वाक्यावाक्याचे तुकडे घेतलेत तर हालचालीत कट करायला जागाच उरणार नाही.

आवाज दुसऱ्या फोनवर, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून वेगळा मुद्रित करा, जमल्यास ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर. आवाजाची सर्वांत वरची टोकं −१२ डेसिबलच्या आसपास राहिली तर पुरे. शून्याला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीला, टेकलेला आवाज फाटतो आणि पुढे दुरुस्त होत नाही. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला चौकटीत एक टाळी वाजवा. नंतर टाळीचं चित्र आणि वेव्हफॉर्ममधलं (आवाजाच्या आलेखातलं) टोक जुळवलं की सिंक झालं. आणि सगळ्यांना गप्प उभं करून त्याच खोलीचा रूम टोन निदान ३० सेकंद घ्या. तेव्हा सगळ्यांना हसू येतं, पण संकलनाला बसल्यावर दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला हाच टोन लागतो.

एक तांत्रिक खोडा आधीच काढून टाका. बरेच फोन बदलत्या फ्रेमवेगाने चित्रण करतात, त्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी सरकलेला दिसतो. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमवेगाची करून घ्या आणि मगच संकलनाला बसा. संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, आवाजाचा स्वतंत्र विभागही तिच्यात आहे.

आता एकाच चित्रणाच्या तीन आवृत्त्या करा.

पहिलीत चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर कापा, सगळीकडे. ऐकताना प्रत्येक कटला खोलीच बदलल्यासारखं वाटेल. ते नीट अनुभवा.

दुसरीत चित्राला हात लावू नका. चित्र आणि आवाजाचा दुवा सोडवून फक्त आवाजाचे कट ८ ते १२ फ्रेम पुढे-मागे करा, खाली रूम टोन सलग अंथरा आणि आवाजाच्या प्रत्येक जोडावर एक-दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा उमटणं) द्या, म्हणजे ‘टक्’ असा खरखरीत ठोका येणार नाही. पावलं आणि कपड्यांचे आवाज शांत खोलीत पुन्हा करून, चित्र बघत मुद्रित करा. बूट तेच असण्याची गरज नाही. वजन आणि ताल जुळला पाहिजे.

तिसरी आवृत्ती सगळ्यांत मजेची. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी ठेवला की प्रेक्षकांना त्यावर वेगवेगळे भाव दिसतात. तोच प्रयोग आवाजाने करा. बंद दाराचा शॉट घ्या आणि त्याखाली एकदा मुलांच्या खेळण्याचा आवाज, एकदा लांबून येणारा सायरन, एकदा नुसता खर्जातला गुणगुणाट घाला. दार तेच, पण त्यामागे कोण आहे ते तीनदा बदलतं. आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्झांद्रोव्ह यांनी १९२८ मध्ये, बोलपट नवे असताना, एका निवेदनात बजावलं होतं की आवाजाने चित्राची नुसती री ओढू नये, त्याला छेद द्यावा. नव्वदहून अधिक वर्षांनंतरही उदास दृश्याखाली उदास व्हायोलिन ऐकू येतंच.

मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, संवाद आधी बसवा आणि बाकीचं त्याच्या आधाराने खालून वर आणा. काही आवाज एकेकटे असताना सुंदर वाटतात आणि एकत्र आले की चिखल होतो; अशा वेळी आवाज वाढवू नका, कुठला तरी थर काढा. एका क्षणी दोन-तीन गोष्टींहून जास्त कान धरून ठेवू शकत नाही.

शेवटी दुसरी आवृत्ती अशा माणसाला दाखवा जो चित्रणाला हजर नव्हता. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, त्याला ‘छान’ असंच उत्तर येतं. आधी फक्त विचारा: कट किती होते? मग पुन्हा लावून प्रत्येक कटला त्याला टिचकी मारायला सांगा. टिचकी चुकली तिथे टाका बसलाय. पहिल्याच वेळी ज्या कटला त्याने मान हलवली किंवा पडद्यावरून नजर काढली, तो टाइमलाइनवर शोधा आणि आधी आवाज सहा फ्रेम सरकवून बघा. चित्राला हात लावायची वेळ बहुतेकदा येत नाही.